शेवटची सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा साहजिकच विषय विचारला. मी म्हटले, "मरणाऱ्या माणसाची सोबत." फोनवर क्षणभर काही ऐकू येईना. मग त्या हळूच म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिन आहे. मागाहून फराळ आहे. दुसरे काही नाही का? तुमचे अमेरिकेतले अनुभव सांगा ना!" मी म्हटले, "तेच तर सांगणार आहे." त्यांना बरे वाटले आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'परदेशातील माझे अनुभव' असा विषय छापला गेला. ही थोडी फसवणूकच झाली. तिच्याबद्दल सुरुवातीलाच आपणां सर्वांची क्षमा मागते. ज्यांना विषय अशुभ वाटेल त्यांनी खुशाल उठून जावे. मात्र चहा अजून उकळायचा आहे, तेव्हा बाहेर जाऊन फारसा लाभ नाही.

दोन वर्षांपूर्वी मी धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळे बांधून नेले होते. गेल्यावर समजले की मुलीने एक बाई आधीच ठरवून ठेवली आहे. ती डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. कळा सुरू झाल्यापासून मूल हाती येईपर्यंत बाळंतिणीजवळ बसायचे, पाठ चोळायची, धीर द्यायचा, डॉक्टर काय म्हणतात ते समजावून सांगायचे, एवढेच तिचे काम. तिला म्हणतात 'डूला'. खरे सांगते, मला राग आला. मी एवढा समुद्र ओलांडून आले ती कशासाठी?

असो. सांगायचे ते पुढेच आहे. मुलीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दारातही आठवड्यातून दोनदा एक बाई येताना दिसे. मुलगी म्हणाली, "ती पण डूला आहे." मी म्हटले, "म्हणजे? त्यांच्याकडे कोण बाळंत होणार आहे?" मुलगी म्हणाली, "कोणी नाही, आई. त्या आजी जाणार आहेत. त्यांना पोटाचा कर्करोग आहे."

माणूस येताना त्याच्या आईला सोबत लागते. मग जाताना त्या माणसाला सोबत नको काय? एवढ्या साध्या विचारातून हे काम निघाले आहे. 'डूला' हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ दासी. डॅना राफेल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात नव्या आईला मदत करणाऱ्या बाईसाठी तो वापरला आणि तिकडे रूढ झाला. दासी म्हणजे गुलाम, म्हणून काहींना तो शब्द आवडत नाही. ते 'सोबती' म्हणतात. आपल्याकडे जनाबाईने स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतले आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही. पण मीही आज 'सोबतीण' असेच म्हणणार आहे.

या शेवटच्या सोबतीच्या आधी हॉस्पिसची कल्पना आली, तिच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. बरे न होणाऱ्या माणसाचे दुखणे नुसते शरीराचे नसते. मनाचे, घरच्यांच्या काळजीचे, पैशाचे आणि श्रद्धेचेही असते, असे त्यांनी हयातभर सांगितले. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. तेथे रोग बरा करण्याचा हट्ट सोडून वेदना आवरण्याचे शास्त्र उभे राहिले. पुढे अमेरिकेत हे काम बहुतेक घरोघरी जाऊन होऊ लागले. परंतु हॉस्पिसची नर्स आठवड्यातून एकदोनदा येते, औषध बघते आणि पुढच्या घरी जाते. बाकीचे दिवस आणि सगळ्या रात्री घरच्यांनाच काढायच्या असतात. न्यू यॉर्कच्या एका हॉस्पिसमधील समाजसेवक हेन्री फर्स्को-वाइस यांच्या हे फार मनाला लागले. त्यांची एक मैत्रीण बाळंतपणाच्या डूलाचे शिक्षण घेत होती. तिचे ऐकून त्यांनीही ते घेतले, आणि २००३ साली त्याच धर्तीवर मरणाऱ्यांच्या सोबतीसाठी स्वयंसेवक तयार करावयास आरंभ केला. २०१५ साली त्यांनी या कामाचे शिक्षण देणारी संस्थाही काढली. आज अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत ही माणसे काम करतात.

आता मी प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगते. आजींच्या दिवाणखान्यातच रुग्णालयासारखी खाट मांडलेली होती. त्यांची मुलगी कामावरून रजा काढून आईजवळ राहिली होती. मी एक दिवस शेजारधर्म म्हणून शेवयांची खीर घेऊन गेले. आजींनी अर्धा चमचा घेतला आणि वाटी बराच वेळ नुसती हातात धरून बसल्या. मी आपल्या सवयीने म्हणू लागले, "आणखी घ्या, अंगात शक्ती येईल." तेव्हा ती सोबतीण मला हळूच म्हणाली, "त्यांना वास आवडला आहे. तेवढे पुरे."

ती एक वही घेऊन येत असे. आजींनी किती मुलांना पुस्तके दिली, कोणते पुस्तक मुले परत आणीत नसत, लग्न मोडल्यावर एकटीने मुले कशी वाढवली, हे सगळे ती विचारी आणि लिहून घेई. ही पहिली पायरी. आयुष्याचा हिशोब माणसाला एकदा कोणापुढे तरी मांडायचा असतो. घरच्यांपुढे तो मांडता येत नाही, कारण घरची माणसे लगेच डोळे पुसू लागतात.

दुसरी पायरी म्हणजे शेवटच्या दिवसांची आखणी. कोण जवळ असावे, कोण नसावे, दिवा मंद असावा की नको, भजन हवे की शांतता हवी, अंगाला कोणी हात लावलेला आवडेल का, हे तिने आजींनाच विचारले. आजी म्हणाल्या, "सकाळी आठला कोपऱ्यावर शाळेची बस येते. तेव्हा खिडकी उघडी ठेवा. मला मुलांचा गलका ऐकायचा आहे." मग तिने विचारले, "कोणाशी काही बोलायचे राहिले आहे का?" आजी म्हणाल्या, "बोलायचे काही राहिले नाही. मुलाशी भांडायचे तेवढे राहिले आहे." मुलगा दूर कॅलिफोर्नियात असे. त्याला बोलावून घेतले. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले, ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आले. आणि मग तासाभराने दोघांच्या हसण्याचा आवाजही आला.

भगिनींनो, "कोणाशी काही बोलायचे राहिले आहे का?" हा प्रश्न त्या बाईने आजींना विचारला. पण तो येऊन लागला मला.

माझ्या सासूबाईंना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांचा आजार शेवटचा आहे हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितले होते. आम्ही ठरवले की त्यांना कळू द्यायचे नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच ठरते आणि त्याला आपण प्रेम म्हणतो. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरीत होते. त्यांनी विचारले, "सूनबाई, मला नक्की काय झालंय गं?" मी म्हटले, "काही नाही हो. अशक्तपणा आहे. पावसाळा संपला की बऱ्या व्हाल." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चिपळूणला निरोप धाड. धाकटीला बोलाव." त्यांच्या धाकट्या बहिणीशी घराच्या वाटणीवरून बोलणे बंद होऊन वीसएक वर्षे झाली होती. मला वाटले, मावशींना बोलावले म्हणजे यांना संशय येईल. मी म्हटले, "तुम्ही बऱ्या व्हा, मग आपणच चिपळूणला जाऊ." त्यांनी पुन्हा विचारले नाही.

पंधरा दिवसांनी श्वास लागला म्हणून आम्ही घाबरून त्यांना रुग्णालयात नेले. अतिदक्षता विभागात त्या चार दिवस होत्या. भेटीची वेळ संध्याकाळी दहा मिनिटे. पाचव्या दिवशी पहाटे फोन आला. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्यांना जे करायला आम्ही सांगितले तेच त्यांनी केले. मावशी तेराव्याला आल्या. पानावर बसल्या आणि एक घासही न घेता उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिनं माझी आठवण काढली होती का गं?" मी "हो" म्हटले. पुढचे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता मावशीही नाहीत.

सासूबाईंना सगळे ठाऊक होते. आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नसल्याचे नाटक तेवढे दोन्ही बाजूंनी चालले होते, आणि त्या नाटकात त्यांना एकटे सोडून आम्ही सगळे घरातच वावरत होतो. मी त्यांची शुश्रूषा केली, पथ्य सांभाळले, पाठीला जखम होऊ दिली नाही. सोबत मात्र केली नाही.

ही चूक केवळ घरात होते असे नाही. अमेरिकेत ऑरेगन राज्यात यूजीन नावाचे गाव आहे. तेथे सॅन्ड्रा क्लार्क नावाच्या परिचारिका होत्या. १९८६ सालची गोष्ट. रात्रपाळी होती. एका वृद्ध रुग्णाने त्यांना विचारले, "माझ्याजवळ थांबाल का?" त्याचे कोणी नव्हते. त्या म्हणाल्या, "बाकीचे रुग्ण बघून येते." फेरी आटोपून परत यायला सुमारे दीड तास लागला. तोवर तो माणूस गेला होता, एकटाच. त्यांनी कामात कुचराई केली नव्हती. बाकीच्या रुग्णांनाही त्या हव्याच होत्या. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे २००१ साली त्यांच्या रुग्णालयाने असा उपक्रम सुरू केला की ज्याचे कोणी नाही त्याच्या खाटेजवळ शेवटच्या काळात आळीपाळीने कोणीतरी स्वयंसेवक बसायचे. त्याचे नावच 'कोणीही एकटे मरू नये' असे आहे. तो उपक्रम आता अनेक देशांतील रुग्णालयांनी उचलला आहे. "येते हं" असे त्यांनीही म्हटले होते, मीही म्हटले होते. त्यांनी त्यातून काही उभे केले. मी बारा वर्षे गप्प बसले, इतकाच फरक.

आता तिसरी पायरी. ही प्रत्यक्ष बसण्याची आहे, आणि येथे थोडे ज्ञान लागते. जी माहिती त्या सोबतिणीने आजींच्या मुलीला दिली, ती मी शेजारी बसून ऐकली आणि पुढे आपल्याकडच्या डॉक्टरांना विचारून पडताळून घेतली. आपणही ती घरी न्या.

शेवटच्या दिवसांत माणसाचे खाणे कमी होते. तो खात नाही म्हणून मरत नसतो. शरीर आवरते घेत असते म्हणून तो खात नाही. अशा वेळी आग्रह करू नये, तोंडात घास कोंबू नये. गिळता येत नसताना चमचाभर पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. गंगाजल द्यायचे असेल तर कापसाच्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करावी. त्यात श्रद्धाही राखली जाते आणि जीवही गुदमरत नाही.

झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर डाग दिसू लागतात. हलके पांघरूण घालावे. गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण चटका बसला तरी त्या माणसाला सांगता येत नाही. काही जण अस्वस्थ होऊन पांघरूण ओढतात, नसलेल्या माणसांशी बोलतात. त्यांच्याशी वाद घालू नये. मात्र डॉक्टरांना जरूर कळवावे, कारण पुष्कळदा त्यावर उपाय असतो.

श्वासाची लय बदलते. भराभर चालतो, मग मंद होतो, मग काही वेळ थांबतोच, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. जवळच्यांना वाटते की जीव गुदमरतो आहे. बहुतेक वेळा त्या घरघरीचा त्रास त्या माणसापेक्षा ऐकणाऱ्यालाच अधिक होतो. कुशीवर वळवले, डोके थोडे उंच केले, तर ती कमी होते. हे कोणी आधी सांगितलेले नसले म्हणजे आपण ऐन वेळी घाबरतो, गाडी बोलावतो, आणि घरी जाऊ इच्छिणारा माणूस काचेच्या खोलीत जातो.

आणि कान. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिसमधील माणसे शेवटच्या तासांत काहीच प्रतिसाद देत नव्हती, तेव्हा त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. त्यांपैकी काहींचा मेंदू आवाजाला निरोगी माणसासारखाच प्रतिसाद देत होता. त्यांना शब्दांचा अर्थ कळत होता की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. पण मरणाऱ्याच्या कानाशी नामस्मरण करावे, विष्णुसहस्रनाम म्हणावे, असे आपली वाडवडील माणसे सांगत, त्यात शहाणपण होते खास. निदान त्या खोलीत बँकेच्या खात्याची आणि दागिन्यांची चर्चा करू नये, एवढे तरी आपण पाळू या.

सोबतिणीने काय करू नये हेही सांगते. तिने औषध देऊ नये, औषधाचा डोस बदलू नये, "अमक्याचा काढा घ्या" असे सांगू नये. वेदना असतील तर आधी डॉक्टर हवा. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला आयुष्याचा हिशोब विचारणे हा क्रूरपणा आहे. मॉर्फिनचे नाव काढले की आपल्याकडे लोक दचकतात. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन मरण ओढवीत नाही, वेदना आवरते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ सोपी झाली. सोबतिणीने आपला धर्म, आपले गुरू, आपले उपदेश दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावेत. आणि घरातल्या वाटण्यांत तर मुळीच पडू नये.

तिकडचे सगळेच चांगले, असे समजू नका. तिथे या कामाला सरकारी परवाना लागत नाही. कोणी चार दिवसांचे शिक्षण घेऊनही पाटी लावू शकते. सरकारच्या मेडिकेअर योजनेतून या सोबतीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे ज्यांच्या गाठीला पैसा आहे त्यांना सोबत, आणि ज्यांना नाही त्यांना एखादा स्वयंसेवक मिळाला तर मिळाला, असे होते. एक नियम मात्र मला आवडला. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिसमध्ये पगारी माणसे रुग्णसेवेला जेवढे तास देतात, त्यांच्या निदान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांनी दिलेले असावे लागतात. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा हात त्या कामाला लागलाच पाहिजे, असे कायद्यानेच ठरवले आहे.

आपण म्हणाल, हे सगळे परदेशचे. आपल्याकडे घरे भरलेली असतात, आपल्याला भाडोत्री सोबत कशाला? भरलेली घरे आता किती राहिली, ते आपल्या गल्लीतच मोजा. आणि आपल्या देशातही हे काम चालले आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना ही संस्था १९८६ पासून आहे. देशातले पहिले हॉस्पिस ते. पुण्याला वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. सगळ्यांत मोठे काम झाले ते केरळात. १९९३ साली कालिकतला डॉक्टर राजगोपाल, डॉक्टर सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की डॉक्टर किती घरे पुरे पडणार? मग गावोगावच्या साध्या माणसांना हाक घातली: आठवड्यातून दोन तास देता येतील त्यांनी या, शिका आणि आपल्याच वस्तीतल्या रुग्णाकडे जा. शिक्षक आले, रिक्षावाले आले, गृहिणी आल्या, विद्यार्थी आले. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी राज्याचे धोरणच केले. आठवड्यातून दोन तास! आपण मालिका पाहण्यात एका दिवसात तेवढे घालवतो.

आता शेवटचे, आणि आपल्या घरचे. गेल्या श्रावणात आपल्या मंडळातल्या ज्या काकू गेल्या, त्यांचे नाव घेत नाही. आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या सूनबाईंच्या परवानगीने हे सांगते. काकूंचे आता फार दिवस नाहीत असे कळल्यावर आम्ही चौघींनी ठरवले की दुपारी दोन-दोन तास आळीपाळीने बसायचे. सूनबाई आधी नको म्हणाल्या. त्यांना वाटले, आम्ही घरातले बघायला येतो. त्यांचे काही चुकले नाही. आपण एरवी तेच करतो. पण दोन महिने रात्रीची झोप नव्हती, म्हणून शेवटी "बरं, या" म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी नव्या उत्साहाने इतकी बोलले की काकू डोळे मिटून म्हणाल्या, "जरा गप्प बस गं." तो माझा पहिला धडा. मग मी नुसती वाती वळीत बसू लागले. आठदहा दिवसांनी, तशाच एका दुपारी, काकूंनी विचारले, "मी आता जाणार का गं?"

माझ्या जिभेवर तेच वाक्य आले: काही नाही हो, अशक्तपणा आहे. मी ते गिळले. हातातली वात खाली ठेवली आणि म्हटले, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "मला वाटतंय खरं." आणि मग हळूहळू बोलत्या झाल्या. भिशीचे दोन हप्ते कोणाकडून यायचे आहेत. तांब्याचा मोठा हंडा मोडीत घालू नका, नातीला द्या. मागच्या खोलीत फार एकटे वाटते. खाट मधल्या खोलीत आणा, म्हणजे पोळ्या लाटल्याचा आवाज येईल. आणि मला कुठे नळ्यांत घालू नका. मुलाला हे त्यांनी स्वतः सांगितले. तो रडला. पण त्याने ऐकले, आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतले. येथे आणखी एक सांगते. अशी इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो कागद करता येतो. मी माझा केला आहे. कागद करून घरी आले, तर जेवण नेहमीसारखेच गेले. आयुष्य काही कमी झाल्यासारखे वाटले नाही.

काकू गेल्या त्या पहाटे पावणेपाचला. आम्हा चौघींपैकी तेथे कोणीही नव्हते. मी रात्री अकराला घरी येऊन झोपले होते. सहा वाजता सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "श्वास थांबून थांबून येत होता, तुम्ही सांगितला होता तसाच. म्हणून मी घाबरले नाही. ह्यांना उठवलं. गाडी नाही बोलावली. ह्यांनी हात धरला, मी पाय चोळत बसले."

हे ऐकून मला जे समाधान वाटले ते सांगता येत नाही. सोबतिणीने शेवटच्या क्षणी हजर असलेच पाहिजे असे नाही. घरच्या माणसांची भीती कमी व्हावी आणि त्यांनी आपल्या माणसाजवळून उठून जाऊ नये, एवढ्यासाठीच तिने यायचे असते. तेराव्यानंतर आम्ही दोनतीनदा सूनबाईंकडे जाऊन बसलो. तेही या कामातच येते.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या कपाटात एक जाड वही आहे. मोठी पातेली कोणाकडे आहेत, सतरंज्या कोणी नेल्या, बाळंतविडा कोणाला करून दिला, रुखवताला कोण येणार, सगळे त्यात लिहिलेले असते. माझी एवढीच विनंती आहे की त्या वहीत आणखी एक पान घालावे. आठवड्यातले दोन तास कोणाला देता येतील, त्यांनी त्यावर नाव आणि वेळ लिहावी. वर्गणी नाही, पद नाही, फोटो नाही. शिकवायला आपल्या गावातल्या डॉक्टरीणबाई यायला तयार आहेत. मी त्यांना विचारले आहे.

चिटणीसबाईंची परवानगी न घेता मी ते पान मघाशीच आखले आहे. पहिले नाव माझे आहे. दुपारी दोन ते चार, रविवार सोडून. रविवारी नातवाचा फोन असतो.

चहा झालेला दिसतो.